गॅस कुठला हे नंतर, आधी त्या इंजेक्शनचं सांगा

प्रश्न : डॉक्टर, माझं वय ३४, उंची १५८ सेंटिमीटर, वजन १२२ किलो. सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. पुढच्या महिन्यात पुण्यात माझं स्लीव्हचं, म्हणजे वजन कमी करायला जठर लहान करण्याचं, ऑपरेशन ठरलंय. ऑपरेशनची एवढी भीती नाही, भुलीची वाटते. शेजारच्या काकू म्हणतात, जाड माणसाच्या चरबीत भुलीचा गॅस साठून राहतो, दोन-दोन दिवस शुद्ध येत नाही. अमेरिकेतल्या दिरांचा फोन आला, 'वहिनी, डेसफ्लुरेनच मागून घ्या, वजनदार पेशंटला तोच चांगला.' हॉस्पिटलमध्ये विचारलं तर म्हणे आम्ही सेव्होफ्लुरेन वापरतो. इंटरनेटवर वाचलं की गॅस नकोच, सगळी भूल शिरेतून घ्यावी. यातलं खरं काय? कमरेतून इंजेक्शन देऊन भागणार नाही का? मला एसटीत घाट लागला की उलट्या होतात, म्हणून ऑपरेशननंतरच्या ओकाऱ्यांची धास्ती आहे. मी खूप घोरते असं हे सांगतात. ऑपरेशनच्या रात्री हे जवळ बसले तर चालेल ना?
ता. क. तीन महिन्यांपासून टिर्झेपाटाइडचं आठवड्याचं इंजेक्शन घेतेय. पंधरा दिवसांपूर्वी डोस वाढवलाय. ते दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेलं, सर्जनना अजून सांगितलेलं नाही. रागावतील असं वाटतं.
– एक वाचक, सातारा जिल्हा

ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. गॅसचं मी सविस्तर सांगते, पण आधी त्या इंजेक्शनबद्दल बोलू.

टिर्झेपाटाइड, सेमाग्लुटाइड ही वजन आणि साखर उतरवणारी औषधं भूक मारतात, आणि जठर रिकामं व्हायचा वेगही मंदावतात. पोट लवकर भरल्यासारखं वाटतं ते काही अंशी याचमुळे. आम्ही रुग्णाला आठ तास उपाशी ठेवतो, कारण भूल चढताना ठसका-खोकल्यासारखे घशाचे संरक्षक प्रतिक्षेप बंद पडतात आणि जठरातलं अन्न वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. हे इंजेक्शन चालू असलेल्या माणसाच्या पोटात आठ तासांनंतरही रात्रीचं जेवण सापडू शकतं. तुम्ही अगदी खरं सांगाल, 'रात्री आठनंतर पाणीसुद्धा घेतलं नाही', आणि तरीही पोट भरलेलं असेल.

अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेने जून २०२३ मध्ये सरसकट सांगितलं होतं की आठवड्याचं इंजेक्शन ऑपरेशनआधी एक आठवडा बंद ठेवा. ऑक्टोबर २०२४ मध्ये बॅरिअ‍ॅट्रिक (वजन कमी करणारी ऑपरेशनं करणारे) सर्जन आणि पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनांसह नवा एकत्रित सल्ला आला. त्याचा सूर असा, की सगळ्यांना एकच नियम लावू नका, प्रत्येकाचा धोका बघून ठरवा. डोस नुकताच वाढवलेला असेल, मळमळ किंवा पोटफुगी असेल, तर धोका जास्त धरायचा आणि आदले चोवीस तास फक्त पातळ पदार्थ द्यायचे. शंका असेल तर भूल देण्याआधी सोनोग्राफीने जठर पाहता येतं. तुमचा डोस पंधरा दिवसांपूर्वी वाढलाय, म्हणजे तुम्ही नेमक्या त्या 'जास्त'च्या गटात. पण म्हणून आजपासून इंजेक्शन स्वतःच्या मनाने बंद करू नका, साखरेचा त्रास असेल तर अजिबातच नको. सर्जनना फोन करा. रागावले तर दोन मिनिटं रागावतील. हे औषध भारतात मार्च २०२५ मध्ये आलं आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्यांत ते चोरून घेणारे आणि विचारलं तरी न सांगणारे बरेच आहेत, तुम्ही काही एकट्या नाही.

आता काकूंचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, निष्कर्ष मात्र चुकलाय. भुलीचे गॅस चरबीत विरघळतात हे खरं. पण चरबीला रक्तपुरवठा अगदी बेताचा असतो, त्यामुळे गॅस तिथे पोचतो फार हळू. कणगी मोठी आहे, पण तिचं तोंड अरुंद. स्लीव्हचं ऑपरेशन साधारण तास-दीड तासाचं, तेवढ्या वेळात ती कणगी भरत नाही. ऑपरेशन पाच-सहा तास चाललं तर हा मुद्दा वजनदार होतो. शिवाय जुने गॅस खरोखरच रेंगाळायचे. हॅलोथेन रक्तात पुष्कळ विरघळायचा, आयसोफ्लुरेन त्याहून कमी, सेव्होफ्लुरेन आणखी कमी आणि डेसफ्लुरेन सगळ्यांत कमी. गॅस रक्तात जितका कमी विरघळतो, तितका बंद केल्यावर श्वासावाटे लवकर बाहेर पडतो. काकूंनी ऐकलेली 'दोन दिवस शुद्ध नाही'ची गोष्ट जुन्या औषधांची असेल, किंवा त्या रुग्णाला दुसरंच काही झालं असेल.

म्हणजे दिरांचं बरोबर? कागदावर बरोबर. लठ्ठ रुग्णांवर डेसफ्लुरेन आणि सेव्होफ्लुरेन यांची तुलना बऱ्याच वेळा झालीय. डेसफ्लुरेन मिळालेले लोक डोळे लवकर उघडतात, घशातली नळीही लवकर निघते, हे त्यात दिसतं. पण फरक किती? साधारण चार-पाच मिनिटांचा. रिकव्हरी रूममधून वॉर्डात जायच्या वेळेत आणि मळमळीत म्हणावा असा फरक सापडत नाही. सेव्होफ्लुरेन शेवटी शेवटी नीट कमी करत आणला तर त्या चार-पाच मिनिटांतलीही एक-दोन वाचतात, आणि ते काम हाताच्या सवयीचं आहे.

डेसफ्लुरेनचे स्वतःचे नखरेही आहेत. त्याचा वास उग्र, श्वासनलिकेला तो झोंबतो, म्हणून त्याने भूल सुरू करता येत नाही. एकदम वाढवला तर नाडी आणि रक्तदाब उसळतात. दम्याच्या किंवा सिगारेट ओढणाऱ्या रुग्णाला तो द्यायला मी तरी कचरते. तो साधारण २३ अंशांनाच उकळतो, म्हणजे पुण्याच्या दुपारी बाटली उघडी ठेवली तर उडून जाईल, त्यामुळे त्याला विजेवर तापणारं वेगळं व्हेपोरायझर (औषधाची मोजून वाफ देणारं यंत्र) लागतं आणि ते सगळ्या हॉस्पिटलांत नसतं. त्यातून हवामानाचा प्रश्न. शंभर वर्षांच्या हिशेबाने डेसफ्लुरेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अडीच हजार पट उष्णता अडवतो. स्कॉटलंडने २०२३ मध्ये तो वापरातून काढला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून, अगदी वैद्यकीय गरज असल्याशिवाय, त्यावर बंदी घातली. तेव्हा एखाद्या हॉस्पिटलात तो नसेल तर ते मागासलेलं आहे असं समजू नका. तुमच्या हॉस्पिटलने सेव्होफ्लुरेन सांगितला, त्यात मला काहीही खटकत नाही.

कमरेतून भूल का नाही, याचं उत्तर छोटं आहे. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात. त्याने श्वासपटल वर ढकललं जातं आणि १२२ किलोच्या जाग्या माणसाला त्या अवस्थेत स्वतःहून पुरेसा श्वास घेता येत नाही. घशात नळी घालून मशीनने श्वास द्यावा लागतो, म्हणजे पूर्ण भूल आलीच.

शिरेतून सगळी भूल, हा तुमच्या पत्रातला खरा विचार करण्यासारखा पर्याय. यात प्रोपोफॉल नावाचं दुधासारखं पांढरं औषध पंपाने सतत शिरेत सोडतात, गॅस वापरतच नाहीत. याची बाजू मी घेते ती तुमच्या एसटीमुळे. ऑपरेशननंतर ओकाऱ्या कोणाला होतील याचा एक साधा अंदाज क्रिस्टियन आप्फेल या भूलतज्ज्ञांनी १९९९ साली मांडला, तो आजही आम्ही वापरतो. रुग्ण स्त्री आहे का, सिगारेट न ओढणारी आहे का, प्रवासात लागतं का किंवा आधीच्या ऑपरेशननंतर ओकाऱ्या झाल्या होत्या का, आणि नंतर मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामकं द्यावी लागणार आहेत का. चारही 'हो' असतील तर काहीच खबरदारी न घेता त्रास होण्याची शक्यता जवळजवळ ८० टक्के. (सिगारेट ओढणाऱ्यांना ओकाऱ्या कमी होतात, हे वाचून कोणी सुरू करू नका.) तुमची तीन उत्तरं आत्ताच 'हो' आहेत, चौथं आम्हा डॉक्टरांच्या हातात.

गॅस, मग तो कुठलाही असो, ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांतल्या ओकाऱ्यांचं मोठं कारण असतो. प्रोपोफॉल तिथे उजवं ठरतं. २००४ मध्ये पाच हजारांहून अधिक रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. गॅसऐवजी प्रोपोफॉल वापरलं की धोका सुमारे एक पंचमांशाने घटतो, आणि ओकारीविरोधी प्रत्येक औषधाने जवळपास एक चतुर्थांशाने, असं त्यात दिसलं. म्हणजे ऑन्डान्सेट्रॉन आणि डेक्सामिथॅसोन ही दोन स्वस्त इंजेक्शनं मिळून पंपापेक्षा जास्त काम करतात! दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर उत्तमच. फेन्टानिलसारखी मॉर्फिनच्या जातीची औषधं कमीत कमी ठेवून पॅरासिटामॉल, छिद्रांच्या जागी बधिरतेचं इंजेक्शन, थोडं केटामिन किंवा डेक्समेडेटोमिडिन यांवर भागवलं, तर चौथं 'हो' पुसट होतं. तरी एक सांगून ठेवते. स्लीव्हनंतर जठराची अरुंद नळीच उरलेली असते, ती सुजते, आणि त्या सुजेची मळमळ भुलीने कितीही सांभाळलं तरी पहिला दिवसभर थोडीफार राहते. ती भुलीच्या नावावर मांडू नका.

मग सगळ्यांना शिरेतूनच का देत नाही? एक कारण, वजनदार माणसात डोसचं गणित अवघड होतं. तुमचंच उदाहरण घ्या. तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) येतो जवळपास ४९. तुमच्या उंचीला 'आदर्श' धरलेलं वजन सुमारे ५१ किलो, आणि चरबी वगळून उरणारं शरीर सूत्राने काढलं तर सुमारे ५५ किलो. झोपवण्यासाठी प्रोपोफॉल किलोला दोन मिलिग्रॅम द्यायचं म्हटलं, तर १२२ किलोच्या हिशेबाने २४४ मिलिग्रॅम होतात आणि ५५ च्या हिशेबाने ११०. पहिला आकडा दिला तर रक्तदाब कोसळेल. म्हणून सुरुवात ५५ धरून. पण पुढे भूल टिकवायला पंप लावला की ५५ अपुरे पडतात आणि १२२ जास्त होतात, मग मधला आकडा, तुमच्या बाबतीत सुमारे ७९, धरतात. स्नायू सैल करणारं रोक्युरोनियम ५१ धरून द्यायचं, त्याच कामाचं सक्सामेथोनियम मात्र पूर्ण वजनावर. एकाच रुग्णाची चार वजनं! भूलतज्ज्ञाच्या कागदावर हे चार आकडे आधी लिहिलेले दिसले की मला बरं वाटतं.

दुसरं कारण सलाईनचं. गॅस श्वासातून जातो आणि बाहेर येणाऱ्या श्वासात तो किती टक्के आहे हे मॉनिटरवर दिसत राहतं. प्रोपोफॉलचं तसं नाही. हात चादरीखाली बांधलेला, सुई तिथे निसटली, पंप आपला चालूच, आणि औषध शिरेऐवजी गादीत. स्नायू सैल केलेले असल्यामुळे रुग्ण जागा झाला तरी हलू शकत नाही. ब्रिटनमध्ये २०१४ साली भुलीतच जाग येण्याच्या घटनांची देशभर पाहणी झाली. त्यात लठ्ठपणा आणि शिरेतून दिलेली भूल, दोन्हीही धोका वाढवणाऱ्या गोष्टींत निघाल्या. म्हणून शिरेतून भूल ठरली तर कपाळावर पट्टी लावून मेंदूची जाग मोजणारा मॉनिटर हवाच, आणि सुई दिसेल अशी ठेवायला हवी.

माझं मत विचाराल तर, तुमचे भूलतज्ज्ञ ही पद्धत रोज वापरत असतील आणि तो मॉनिटर असेल, तर तुमच्यासाठी शिरेतून भूल मला पहिली पसंत. त्यांचा हात सेव्होफ्लुरेनवर बसलेला असेल, तर सेव्होफ्लुरेन आणि ओकारीविरोधी तीन औषधं. ज्यांनी पंप महिन्यातून एकदा लावलाय त्यांना तुमच्या आग्रहाखातर तुमच्यावर पंप लावायला सांगू नका.

खरा घोर मला तुमच्या घोरण्याचा आहे. भुलीत अडचण येते ती गॅसच्या नावावरून क्वचित, श्वासमार्गावरून वारंवार. ब्रिटनमधल्याच २०११ च्या पाहणीत लठ्ठ रुग्णांना श्वासमार्गाच्या गंभीर अडचणी इतरांपेक्षा सुमारे दुपटीने आल्या आणि एकूण घटनांपैकी साधारण एक तृतीयांश शेवटी, म्हणजे नळी काढताना किंवा रिकव्हरीत घडल्या. वजन जास्त असलं की छातीतला प्राणवायूचा साठा कमी असतो. बारीक माणसाचा श्वास थांबला तर ऑक्सिजन सहा-सात मिनिटं टिकतो, तुमच्यासारख्या बांध्याचा तीन मिनिटांच्या आसपास. म्हणून तुम्हाला सपाट झोपवून भूल देणार नाहीत. खांद्या-डोक्याखाली उतरण करून कानाची पाळी छातीच्या हाडाच्या वरच्या टोकाच्या रेषेत आणतील आणि तोंडावर घट्ट मास्क धरून काही मिनिटं ऑक्सिजन देतील. तो मास्क गुदमरल्यासारखा वाटतो. ढकलू नका, त्या मिनिटांवर पुढचं सगळं अवलंबून असतं.

घोरण्यामागे झोपेत श्वास अडकण्याचा आजार आहे का, ते अजून तपासलं नसेल तर आत्ताच तपासून घ्या, महिना हाताशी आहे. यजमानांना विचारा, घोरता घोरता मध्येच शांतता होऊन मग दचकून श्वास येतो का? दिवसा वर्गात डोळा लागतो का? मानेचा घेरही टेपने मोजून ठेवा, चाळीस सेंटिमीटरच्या वर असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. तपासणीत आजार निघाला आणि रात्री लावायचं, मास्कमधून दाबाने हवा देणारं सीपॅप मशीन सुरू झालं, तर ऑपरेशनच्या दिवशी ते बॅगेत घालून आणा. हॉस्पिटलचा मास्क तुमच्या नाकावर बसेलच असं नाही.

नळी काढताना स्नायूंची ताकद पूर्ण परत आलेली असणं हा दुसरा कळीचा मुद्दा. त्यासाठी जुनी पद्धत निओस्टिग्मिन इंजेक्शनची. आता भारतातही सुगामाडेक्स मिळतं, महाग आहे, पण रोक्युरोनियमचा परिणाम ते काही मिनिटांत पुसून टाकतं. वजन जास्त आणि घोरणं असेल तिथे हा खर्च मला रास्त वाटतो, गॅस बदलण्यापेक्षा कितीतरी रास्त. फक्त एक गोष्ट डिस्चार्जच्या गडबडीत सांगायची राहून जाते. गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर सुगामाडेक्समुळे त्यांचा परिणाम कमी होतो, पुढचे सात दिवस निरोधसारखा दुसरा उपाय लागतो. टिर्झेपाटाइडही या गोळ्यांच्या आड येतं, डोस वाढवल्यावर चार आठवडे. आणि बॅरिअ‍ॅट्रिक ऑपरेशननंतर साधारण वर्ष-दीड वर्ष दिवस राहू नयेत असंच सांगितलं जातं. शिवाय इस्ट्रोजेनच्या गोळ्यांनी पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, तोही याच वेळी नको. तर गोळ्या चालू असतील तर हा विषय लाजून टाळू नका.

आपल्याकडे भूलतज्ज्ञ पुष्कळदा बाहेरून येतात आणि रुग्णाची पहिली भेट ऑपरेशन टेबलावरच होते. हर्नियाला ते चालून जातं. तुमच्या ऑपरेशनला नाही. सर्जनना सांगा, 'पीएसीसाठी, म्हणजे भुलीआधीच्या तपासणीसाठी, मला भूल देणाऱ्या डॉक्टरांनाच आठवडाभर आधी भेटायचंय.' जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं, इंजेक्शनची तारीख आणि डोस, आणि घरात कोणाला भुलीत एकदम भयंकर ताप चढल्याचा इतिहास असेल तर तो, एवढं घेऊन जा. तसा ताप हा एक दुर्मिळ आनुवंशिक दोष असतो, त्यात वर सांगितलेला कुठलाच गॅस चालत नाही आणि मग शिरेतूनच भूल देतात. मिसरी लावत असाल तर तेही सांगा. गावाकडच्या बायका ती तंबाखूत मोजतच नाहीत.

पहिल्या रात्री यजमान जवळ बसले तर हरकत नाही, पण बोटाला ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं आणि त्याचा आवाज नर्सला ऐकू येईल अशी खाट हवी, शक्य तर आयसीयूला लागून असलेली. पाठ तीस अंशांवर उचललेली राहू दे, थकलीय म्हणून कोणी खाली करू नये. दुखत असेल तर सांगा, सोसत बसू नका, मात्र 'ताईंना झोप येत नाहीये, एक झोपेची गोळी द्या' अशी रदबदली घरच्यांनी नर्सकडे करायची नाही, हे यजमानांना आणि रात्री डबा घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला आधीच बजावून ठेवा.